शिशाविरुद्धचा कायदा मॉलपर्यंत पोचला, यात्रेपर्यंत कधी पोचणार?

गावची यात्रा असो की तालुक्याचा आठवडी बाजार, सोबत लेकरू असलं की खेळण्यांच्या गाड्यापाशी पाय थांबतातच. पिवळी शिट्टी, लाल मोटार, खुळखुळा, चकचकीत बाहुली. वीस-तीस रुपयांत पोरगं खूश होतं आणि आई-बापही. अशा सुट्या खेळण्यांना बहुतेक वेळा खोकं नसतं, बनवणाऱ्याचं नाव नसतं आणि शिक्काही नसतो.

कायद्याने पाहिलं तर असं खेळणं विकायलाच बंदी आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. खेळणं इथे बनलेलं असो की चीनमधून आलेलं, नियम दोघांनाही सारखाच. म्हणजे या नियमाला काही वर्षं होऊन गेली. तरीही गाड्यावरचा माल आहे तसाच आहे.

हा नुसता शिक्क्याचा आणि कागदपत्रांचा विषय असता तर सोडून देता आला असता. पण त्या शिक्क्यामागे एक तपासणी आहे. खेळण्याच्या रंगातून, प्लास्टिकमधून आणि धातूतून शिसं, कॅडमियम, पारा यांसारखे विषारी धातू मुलाच्या पोटात किती जाऊ शकतात, हे ती तपासणी सांगते. शिक्का नाही म्हणजे खेळणं विषारीच आहे असं नाही. पण शिक्का नाही म्हणजे ते कुणी तपासलेलं आहे याचा काहीच पुरावा नाही.

शिसं पोटात गेलं की काय होतं?

शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि पोटात गेल्यावर लगेच उलटी-जुलाबही होतीलच असं नाही. म्हणूनच ते धोक्याचं आहे. रांगणारं मूल हातात येईल ते तोंडात घालतं. खेळण्याचा रंग चाटला जातो, त्याचे पोपडे गिळले जातात, हाताला लागलेली धूळ पोटात जाते. मोठ्या माणसाच्या आणि लहान मुलाच्या पोटात सारखंच शिसं गेलं, तरी मुलाचं शरीर त्यातलं चार ते पाच पट जास्त शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शरीर शिशाला ओळखत नाही. ते त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत, दातांत साठवून ठेवतं. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मूल शिकायला मागे पडतं, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. रक्तातलं शिसं जास्त झालं तर पोटात दुखणं, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, आणि फारच वाढलं तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांत साठलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत जातं. मेंदूचं एकदा झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही.

ग्रामीण भागासाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी आहे, त्याच्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं. म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या, पोटभर चौरस आहार न मिळणाऱ्या लेकराला याचा मार जास्त बसतो. स्वस्त खेळणंही त्याच घरात जास्त येतं.

किती शिसं चालेल? याला जागतिक आरोग्य संघटनेचं उत्तर सरळ आहे: सुरक्षित म्हणता येईल असं कोणतंही प्रमाण माहीत नाही. रक्ताच्या एका डेसीलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं सापडलं, तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं या पातळीच्या वर आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत.

हे सगळं शिसं खेळण्यांतून येतं असं कुणी म्हणत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचे उघड्यावरचे धंदे, भेसळीचे मसाले, जुने रंग, काही भांडी ही कारणं मोठी आहेत. पण खेळणं ही अशी वस्तू आहे, जी आई-बाप स्वतःच्या पैशाने विकत घेऊन लेकराच्या हातात देतात. आणि तिच्यासाठी कायदा तयार आहे.

खेळण्यात हे धातू येतातच कशाला?

कारण स्वस्ताई. शिशाच्या क्रोमेटपासून भडक पिवळा, केशरी, लालसर रंग मिळतो आणि तो लवकर फिका पडत नाही. तेलाचा रंग पटकन वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालतात. मऊ प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, उन्हा-उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिसं टाकण्याची पद्धत होती. कॅडमियमपासून पिवळे-लाल रंग मिळतात. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं भंगार प्लास्टिक वितळवून त्याची खेळणी केली, तर त्या भंगारातले धातूही खेळण्यात येतात. स्वस्त धातूच्या अंगठ्या, लॉकेट, पैंजण यांत तर शिसं थेट मिसळलेलं असू शकतं, कारण ते जड असतं आणि कमी उष्णतेत वितळतं.

यातलं काहीही वापरायला लागतंच असं नाही. सगळ्याला पर्याय आहेत, फक्त ते थोडे महाग पडतात. तपासणी नसली की स्वस्त माल जिंकतो आणि नियमाने चालणारा कारखानदार मार खातो.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० मध्ये काढला. त्याआधी २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून परदेशी खेळण्यांचे १२१ नमुने घेतले होते. त्यातले जवळपास ६७ टक्के नापास झाले. धारदार कडा, सुटे भाग, रसायनं, धातू अशी कारणं वेगवेगळी होती. त्यानंतर सक्ती आली.

विषारी धातूंसाठी आयएस ९८७३ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात आठ धातू-मूलद्रव्यांची मर्यादा ठरवली आहे. तपासणीची पद्धत समजायला सोपी आहे. खेळण्याचा रंग खरवडून किंवा तुकडा काढून तो पोटातल्या आम्लासारख्या सौम्य आम्लात, अंगाच्या तापमानाला, दोन तास ठेवतात. मग त्यात किती धातू उतरला ते मोजतात. साध्या रंगाच्या किंवा प्लास्टिकच्या खेळण्यासाठी एका किलोमागे मर्यादा अशा:

- शिसं: ९० मिलिग्रॅम
- कॅडमियम: ७५ मिलिग्रॅम
- पारा: ६० मिलिग्रॅम
- क्रोमियम: ६० मिलिग्रॅम
- अँटिमनी: ६० मिलिग्रॅम
- आर्सेनिक: २५ मिलिग्रॅम
- सेलेनियम: ५०० मिलिग्रॅम
- बेरियम: १००० मिलिग्रॅम

ही तपासणी पास झाल्याशिवाय भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, परवाना देत नाही. परवाना नसताना खेळणं बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, एवढंच काय विक्रीसाठी मांडणंसुद्धा गुन्हा आहे. बीआयएसच्या २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पुन्हा सापडला तर दंड किमान पाच लाख.

कायद्याने काही फरक पडला का?

पडला. सक्तीसोबत सरकारने आयात शुल्कही वाढवलं. २०२० मध्ये ते २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. २०१४-१५ मध्ये देशात सुमारे ३३ कोटी डॉलरची खेळणी आयात होत होती. २०२२-२३ मध्ये हा आकडा १६ कोटी डॉलरच्या आत आला, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच काळात आपली खेळण्यांची निर्यात तिपटीने वाढली. मोठ्या दुकानांतल्या खोक्यांवर आता आयएसआय मार्क दिसतो.

धाडीही पडल्या. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितलं, की महिनाभरात ४४ ठिकाणी धाडी घालून १८,६०० खेळणी जप्त केली. ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा दिल्या. पण या धाडी कुठे पडल्या, हे पाहण्यासारखं आहे. विमानतळावरची दुकानं, मॉल, मोठे शोरूम. तिथे दुकानाला पत्ता असतो, बिल असतं, कॅमेरा असतो. अधिकारी पोचू शकतो.

माळेगाव, मढी, सारंगखेडा अशा मोठ्या यात्रांत किंवा दर आठवड्याला भरणाऱ्या तालुक्याच्या बाजारात हे चित्र उलटं असतं. खेळणीवाला आज इथे, उद्या तिसऱ्या गावाला. माल सुटा. बीआयएसचं ऑफिस बहुतेक जिल्ह्यांत नाहीच. तालुक्याला तर या कायद्यासाठी नेमलेला माणूस कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. वजन-काट्याचा निरीक्षक येतो, अन्न व औषध प्रशासनाचा माणूस कधीतरी येतो, पण खेळणं तपासणं हे या दोघांचंही काम नाही.

खेळणीवाल्याला पकडून उपयोग नाही

इथे सोपं उत्तर असं दिसतं, की यात्रेत धाड टाका आणि गाडा जप्त करा. ते योग्य होणार नाही.

गाड्यावर पाच-दहा हजारांचा माल घेऊन फिरणाऱ्याला दोन लाखांचा दंड म्हणजे संसार मोडणं. त्याला शिशाचं काही माहीत नाही. त्याने शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडून गठ्ठ्याने माल उचलला, बिल मिळालं नाही, त्याने मागितलंही नाही. दंड एवढा मोठा असल्यामुळे होतं काय, तर अधिकारी डोळेझाक करतो, नाहीतर चिरीमिरीची वाट उघडते. दोन्हीत लेकराचा काही फायदा नाही.

खरी जागा आहे ती ठोक बाजाराची. शेकडो गाड्यांवरचा माल थोड्या व्यापाऱ्यांच्या गोदामांतून निघतो. तिथे एक खेप अडवली तर अनेक यात्रांमधला माल अडतो. हे नुसतं बोलायला बरं असं नाही, शेजारच्या बांगलादेशात असं काम झालेलं आहे. तिथे हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचं क्रोमेट चोळत होते. २०१९ मध्ये संशोधकांनी बाजारातून नमुने घेतले, तर ४७ टक्के हळदीत शिसं निघालं. सरकारने ढाक्यातल्या ठोक बाजारात एक्स-रे यंत्र नेऊन जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला आणि त्याची बातमी टीव्हीवर दाखवली. लोकांना सांगितलं की ही भेसळ गुन्हा आहे. २०२१ पर्यंत नमुन्यांतलं हे प्रमाण शून्यावर आलं. यात गावोगावच्या किराणा दुकानदाराला पकडत बसावं लागलं नाही.

तसलं हातात धरायचं यंत्र खेळण्यालाही चालतं. खेळणं न फोडता एखाद-दोन मिनिटांत शिसं आहे की नाही याचा अंदाज येतो. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

प्रयोगशाळेचं काम मात्र पक्कं लागतं. २०१५ मधलं मॅगीचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. शिसं जास्त सापडलं म्हणून देशभर बंदी आली, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. नंतर तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासणी झाली, तिथे नमुने पास झाले आणि माल बाजारात परत आला. यातून शिकण्यासारखं एवढंच, की नमुना घेण्यापासून अहवालापर्यंत काम नियमाने झालं नाही, तर कारवाई कोर्टात टिकत नाही. लोकांनाही मग खरं काय ते कळत नाही.

कारागिरांना सूट, पण…

आदेशात एक सूट आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना आयएसआय मार्कची सक्ती नाही. ही सूट गरजेचीच होती. लाकडाची भातुकली, भोवरे, फळं बनवणाऱ्या सावंतवाडीसारख्या गावातल्या कारागिराला प्रत्येक नगासाठी प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही. तो खर्च लादला असता तर मोठे कारखाने राहिले असते आणि हातकाम बंद पडलं असतं.

पण शिसं लाकडात नसतं, रंगात असतं. कारागीर बाजारातून जो डबा आणतो त्यावर सगळं ठरतं. तेव्हा कारागिराला परवान्यात अडकवण्यापेक्षा त्याला बिनशिशाचा रंग सहज आणि स्वस्तात मिळेल असं करणं जास्त कामाचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी नियम आहेच. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं घालता येत नाही, आणि तसं डब्यावर लिहावं लागतं. पण हा नियम घरगुती रंगांचा आहे. कारखान्यांसाठी, यंत्रांसाठी, लोखंडासाठी मिळणारा औद्योगिक रंग त्यात येत नाही. दोन्ही डबे हार्डवेअरच्या एकाच दुकानात, एकाच फळीवर मिळतात. खेळण्याला, पाळण्याला किंवा शाळेतल्या घसरगुंडीला यातला कोणता रंग लागला, हे कुणी विचारत नाही.

'खेळणं' नाही, पण लेकराच्या अंगावर आहे

या कायद्याची दुसरी अडचण त्याच्या नावातच आहे. तो खेळण्यांना लागू आहे. लेकराच्या अंगावर आणि तोंडात जाणाऱ्या बाकी वस्तूंना नाही.

काजळ आणि सुरमा: घरी एरंडेल तेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी, त्यात शिसं नसतं. पण सुरम्याचा काळा दगड बऱ्याचदा शिशाचं सल्फाइड असतो. सुट्या पुडीतला सुरमा किंवा नाव-पत्ता नसलेलं डबीतलं काजळ बाळाच्या डोळ्यात घातलं की ते हाताने चोळून तोंडातही जातं. सौंदर्यप्रसाधनांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. डॉक्टरांचं म्हणणं तर असं, की बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नये.

शेंदूर: पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाला वाहताना श्रद्धा आपल्या जागी, पण त्या हाताने लेकराला घास भरवू नये आणि शेंदराची पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

खोटे दागिने: यात्रेतल्या अंगठ्या, लॉकेट, पैंजण मुलं सर्रास तोंडात घालतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चार वर्षांच्या मुलाने बुटांसोबत फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं पदक गिळलं. ते पदक ९९ टक्के शिशाचं होतं. मूल दगावलं. पुढे २००८ मध्ये अमेरिकेने मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर कडक कायदा केला. त्यानंतर काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही कारखान्यांनी शिशाच्या जागी कॅडमियम वापरायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये तसे दागिने अमेरिकेच्या बाजारात सापडले. कॅडमियमने मूत्रपिंड आणि हाडं खराब होतात. एका धातूवर बंदी घातली की दुसरा येतो, म्हणून आठही धातूंची तपासणी एकत्र लागते.

डबीतली गुटी: सहाणेवर मुळं-काष्ठं उगाळून दिलेली गुटी वेगळी आणि नाव नसलेली तयार पूड वेगळी. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परवाना क्रमांक नसलेली पूड बाळाला चाटवू नये, एवढं तरी पाळता येतं.

गावाच्या हातात काय आहे?

एकेकट्या आई-बापाने सावध राहावं, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. शिसं डोळ्यांनी ओळखता येत नाही, तर बिचारे ओळखणार कसं? पण गाव म्हणून काही गोष्टी आजच करता येतात.

पहिली गोष्ट अंगणवाडी आणि शाळा. इथली खेळणी, ठोकळे, पूर्वशालेय शिक्षणाचे संच सरकारी पैशातून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून येतात. दात्यांकडूनही येतात. खरेदीच्या कागदावर 'आयएसआय मार्क असलेली खेळणीच घ्यावीत' ही एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. आलेला संच मार्क नसलेला असेल तर परत पाठवता येतो. ग्रामसभेत हा प्रश्न विचारता येतो.

दुसरी गोष्ट रंग. अंगणवाडीच्या भिंती, फळे, बाकं, झोपाळे दरवर्षी रंगवले जातात. ठेकेदाराला शिशाचं प्रमाण लिहिलेला घरगुती रंगाचाच डबा वापरायला सांगावं आणि डबा पाहूनच बिल काढावं. जुना रंग कोरडा खरवडला की त्याची धूळ उडते. तेव्हा मुलं शाळेत नसताना, पाणी मारून खरवडावं आणि पोपडे झाडून पुरून टाकण्यापेक्षा गोळा करून बाजूला काढावेत.

तिसरी गोष्ट यात्रा समिती आणि आठवडी बाजार. गाड्याला जागा ग्रामपंचायत किंवा समिती देते, जागाभाडंही घेते. जागा देताना एवढीच अट घालावी, की खेळण्यांचं पक्कं बिल सोबत ठेवा. यात दंड नाही, जप्ती नाही. पण सगळ्या गाड्यांनी बिल मागायला सुरुवात केली तर ठोक व्यापाऱ्याला बिल द्यावं लागेल, आणि बिलावर नाव आलं की तपासणी करणाऱ्याला त्याच्या गोदामाचा पत्ता मिळेल. खेळणीवाल्यालाही यात संरक्षण आहे. माल खराब निघाला तर जबाबदारी त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडत नाही.

चौथी गोष्ट रक्ताची तपासणी. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातलं शिसं मोजण्याची सोय सहसा नसते. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही मुलाचं रक्त वाढत नसेल, पोट सारखं दुखत असेल, मूल शिकलेलं विसरत असेल आणि घराजवळ बॅटरी फोडण्याचा किंवा भंगाराचा धंदा असेल, तर डॉक्टरांना शिशाबद्दल मुद्दाम विचारावं. तपासणी मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. शिसं 'बाहेर काढायचं' औषध कुणी परस्पर देत असेल तर घेऊ नये. ते फक्त शिसं फार वाढलेल्या मुलाला, रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. घरी करण्यासारखी गोष्ट म्हणजे जेवणाआधी हात धुणं, आणि हिरव्या पालेभाज्या, नाचणी, दूध, डाळी, गूळ-शेंगदाणे असा लोह आणि कॅल्शियम असलेला आहार.

खेळणं घेताना एवढं पाहा

- खोक्यावर आयएसआय मार्क आहे का? मार्कच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. नुसतं चित्र छापलेलं असेल आणि क्रमांक नसेल तर त्याला अर्थ नाही.
- मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या. त्यात परवाना क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की बंद ते दिसतं. तक्रारही तिथेच करता येते.
- 'सीई' ही खूण म्हणजे आयएसआय नव्हे. भारतात तिच्यावर भागत नाही.
- रंग नखाने खरवडून निघतो का पाहा. निघत असेल तर तोंडात घालणाऱ्या मुलासाठी ते खेळणं घेऊ नका.
- तीन वर्षांखालच्या मुलाला खोटे धातूचे दागिने, लॉकेट, जड किल्ल्या खेळायला देऊ नका.
- शक्यतो बिल घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- पैशाची अडचण असेल तर बिनरंगाचं लाकडी खेळणं, कापडी बाहुली, घरातली स्टीलची वाटी-चमचा हे भडक रंगाच्या बेनामी खेळण्यापेक्षा बरं.

प्रशासनाकडून काय हवं?

मागणी फार मोठी नाही. जिल्ह्यातल्या मोठ्या यात्रांच्या आधी, जिथून माल येतो त्या ठोक बाजारात बीआयएसने नमुने घ्यावेत. नमुन्यांचा निकाल मराठीत, खेळण्याच्या फोटोसह जाहीर करावा. तालुक्याला तक्रार कुणाकडे द्यायची त्या अधिकाऱ्याचं पद ठरवून तहसील कार्यालयात लावावं. अंगणवाड्यांच्या खरेदीत मार्कची अट जिल्हा परिषदेने एका परिपत्रकाने घालावी.

पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० मध्ये बंद झालं. त्यासाठी कुणा गाडीवाल्याला पंपावर पेट्रोल तपासत बसावं लागलं नाही. रिफायनरीतच ते थांबवलं आणि देशभरातली हवा त्या प्रमाणात सुधारली. खेळण्यांचंही तसंच व्हायला हवं. वीस रुपयांची शिट्टी घेणाऱ्या आईला तिच्यात शिसं आहे की नाही हे ओळखायची वेळच येऊ नये. तोपर्यंत मार्क विचारणं, बिल मागणं आणि ग्रामसभेत हा विषय काढणं, एवढं तरी गावाच्या हातात आहे.